बासष्ट नंबरचा बिल्ला

सुलभा खाली आहे हे मला कळलं, तेव्हा पंप बंद करून मला चाळीस मिनिटं झाली होती.

कळलं ते चपलांवरून. खड्ड्याच्या तोंडाशी, जिथून खाली उतरायचा लोखंडी जिना सुरू होत होता, तिथे पत्र्याची शेड होती. आत एक लांब बाक आणि बाकाखाली सगळ्यांच्या चपला. उतरताना चपला काढून गमबूट घालायचे, वर आलं की उलटं. मी पंपघरातून तिथे पाणी प्यायला गेलो, तर शेडचे राखणदार मोहुर्ले बाकापाशी वाकून उभे होते.

"घाडी, ह्या वहिनींच्या नाहीत का?"

निळ्या पट्ट्याच्या चपला. डाव्या अंगठ्याला टाका घातलेला. तो टाका मीच घालून आणला होता.

"बूट घालूनच गेली असेल कृपासिंधूत," मी म्हणालो.

कृपासिंधू ही रस्त्यापलीकडची जुनी बिल्डिंग. तिच्या भिंतींना गेलेले तडे मोजायचं काम सुलभाकडे होतं. रोज पाळी संपली की ती तिथे जायची.

"चिखलाचे बूट घालून?" मोहुर्ले म्हणाले. "त्या बिल्डिंगीतल्या बाया जिन्यावर पाय ठेवू देतीन काय?"

मी तसाच रस्ता ओलांडून पळालो. कृपासिंधूतली माणसं पिशव्या घेऊन जिन्यावरून खाली येत होती. पोलीस बिल्डिंग रिकामी करत होते. मापवाल्या बाई आल्या होत्या का, मी चार जणांना विचारलं. आज नाही आल्या, असं चौघंही म्हणाले. तिचा फोन लावला. लागला नाही. आमच्या खड्ड्याच्या तळाशी फोन लागत नसे.

परत आलो. कामाचे इंजिनिअर देवस्थळी साहेब पंपघराच्या दारात उभे होते.

"साहेब, पंप सुरू करतो. सुलभा खाली आहे."

"फळा साफ आहे, घाडी. खाली कोणी नाही."

"फळा काही म्हणू दे. ती खाली आहे."

त्यांचा चेहरा उतरला. ते खड्ड्याकडे बघून म्हणाले, "आता उपसा सुरू केला तर पश्चिमेची भिंत आत येईल. भिंतीला लागून कृपासिंधू आहे. पस्तीस बिऱ्हाडं आहेत."

"रिकामी करतायत."

"निम्मी अजून आत आहेत."

माझा हात खटक्यावर होता. साहेबांनी माझं मनगट धरलं. जोरात नव्हतं धरलं. हिसडा दिला असता तर सुटलं असतं.

"तुमची बायको इथे असती तर तिनंही हेच सांगितलं असतं," ते म्हणाले.

ते खरं होतं. मी खटका दाबला नाही.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. त्या खड्ड्यातलं मेट्रो स्टेशन आता सुरू आहे. सातविहीर हे नाव तुम्ही गाडीत ऐकलं असेल. जमिनीखाली एकतीस मीटर. दहा मजली इमारत उलटी करून जमिनीत घातली तर जाईल तेवढं.

घर बांधताना आधी पाया भरतात आणि छप्पर शेवटी घालतात. इथे उलटं होतं. आधी चारी बाजूंनी जमिनीतच काँक्रीटच्या भिंती ओतल्या. मग त्यांच्यावर छप्पर घातलं, छपरावर रस्ता करून गाड्या सोडल्या आणि छपराखाली खणत खणत एकेक मजला करत आम्ही खाली गेलो. खणावं तसं पाणी यायचं. ते उपसून वर टाकायचं काम माझं. त्याआधी मी चौदा वर्षं गोदीत पंपावर होतो. माझं शिक्षण नववीपर्यंत. सुलभा मात्र आयटीआयला मोजणी शिकलेली होती. आमची केतकी आठवीत गेली तेव्हा तिनं परत काम धरलं, आणि दोघांना एकाच ठिकाणी मिळालं. एकाच दिवशी रांगेत उभे राहिलो. मला बिल्ला मिळाला एकसष्ट नंबरचा, तिला बासष्ट.

ती काटे वाचायची. तळाच्या मजल्यावर भिंतींच्या कडेनं बारा नळ्या जमिनीत सोडल्या होत्या. प्रत्येकीवर एक तबकडी होती. जमिनीतलं पाणी किती जोरानं दाबतंय ते काटा दाखवायचा. तिनं वाचायचं, नोंदवहीत लिहायचं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचं.

मला ते कळत नव्हतं. एका रविवारी तिनं मोरीत बादली भरली, स्टीलचा रिकामा डबा घेतला आणि मला म्हणाली, "दाबा खाली."

मी दाबला.

"आता सोडा."

डबा उसळून वर आला. माझी बनियन भिजली. केतकी हसायला लागली.

"स्टेशन हा असा डबा आहे," सुलभा म्हणाली. "त्याला सारखं वर यायचं असतं. म्हणून तळाला एवढं जाड काँक्रीट आणि खडकात रोवलेल्या सळ्या."

"आणि बाजूनं फुटला तर?"

"तर उपसायचं नाही. भरू द्यायचा. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की कोणी कोणाला ढकलत नाही. मग भिंत वाचते."

"म्हणजे बाबांना तेव्हा कामच नाही," केतकी म्हणाली.

"आहे की. हात बांधून बसायचं."

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

त्या भागाला सातविहीर म्हणतात ते तिथे पूर्वी विहिरी होत्या म्हणून. साहेबांकडे जुना नकाशा होता. त्यावर सहा विहिरी दाखवल्या होत्या. सहाही शोधून, काँक्रीटनं भरून मगच काम सुरू केलं होतं. सुलभाला ते पटत नव्हतं. कृपासिंधूतल्या एका आजोबांनी तिला सांगितलं होतं की त्यांच्या वडिलांच्या लहानपणी बिल्डिंगीच्या मागच्या अंगाला विहीर होती आणि ती बुजवून त्यावर गोठा बांधला होता.

ती साहेबांकडे गेली तेव्हा मी तिथेच होतो.

"साहेब, सातवी कुठे आहे?"

"कोणती सातवी?"

"सातविहीर म्हणतात ना?"

देवस्थळी साहेब वाईट माणूस नव्हते. पण ते हसले. "बाई, चारबंगल्याला जाऊन चार बंगले मोजून या. नावात असतं म्हणून जमिनीत असतंच असं नाही."

"तरी एक भोक पाडून बघू या. पश्चिमेच्या कोपऱ्यात."

"काटे काय म्हणतात?"

"अजून काही नाही."

"मग काटे बोलले की मला सांगा."

त्यानंतर ती पश्चिमेच्या कोपऱ्यातला अकरा नंबरचा काटा दिवसातून तीनदा वाचायला लागली.

आता बिल्ल्यांचं सांगायला हवं.

मोहुर्ले चंद्रपूरकडचे. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आमच्याकडे बिल्ल्यांचा फळा त्यांच्या ताब्यात होता. लाकडी फळा, त्यावर नंबर घातलेले खिळे. उतरताना आपला पितळी बिल्ला आपल्या खिळ्याला लावायचा. वर आलं की काढून खिशात टाकायचा. फळ्यावर बिल्ला आहे तोवर माणूस खाली आहे. फळा साफ तर खाली कोणी नाही. एवढंच.

"आमच्या खाणीत फळा खोटं बोलत नव्हता," ते म्हणायचे. "एकाचा बिल्ला दुसऱ्यानं काढला तर चपलेनं मारत."

हे ते मला ऐकवायचे. कारण मी सुलभाचा बिल्ला काढायचो. ती माझ्या मागोमाग जिना चढायची तेव्हा तिच्या दोन्ही हातांत सामान असायचं. नोंदवही, फीत, विजेरी. मी वर पोचलो की एकसष्ट काढायचो आणि त्याच हातानं बासष्ट. ती वर येईपर्यंत बिल्ला माझ्या खिशात गेलेला असायचा.

"घाडी, बायकोचा हात धरा, बिल्ला धरू नका," मोहुर्ले म्हणायचे.

"मोहुर्लेकाका, हात धरला तर तुम्हीच हसाल," सुलभा मागून जिन्यावरून ओरडायची.

चार वर्षं हे चाललं होतं.

त्या दिवशी आमची पाळी दोनला संपायची होती. दुसरी पाळी अडीचला उतरणार होती. दोन वाजायला वीस मिनिटं असताना बाकीची माणसं वर गेली होती आणि आम्ही दोघं शेवटी जिना चढत होतो. खालून दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"अकराचा काटा सकाळपेक्षा वर आहे."

"सांग मग साहेबांना."

"एका आकड्यावर काय सांगू? परत हसतील. दर दहा मिनिटांनी वाचते, चार-पाच आकडे होऊ देत. मग त्यांच्यापुढे ठेवते."

"पाळी संपली, सुलभा. भूक नाही लागली?"

"तुम्ही व्हा पुढे. मी आलेच मागोमाग."

मी वर आलो. बूट बदलले, पंपघरात जाऊन डबा खाल्ला. तिचा डबा तिच्याजवळ होता. ती वर येऊन परस्पर कृपासिंधूत गेली असेल असं मी धरून चाललो. खरं म्हणजे मी काहीच धरून चाललो नव्हतो. मी जेवत होतो.

दोन पंचविसाला पश्चिमेच्या कोपऱ्यातून पाणी फुटलं. वरून नुसता आवाज ऐकू आला, ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. देवस्थळी साहेब कागद टाकून धावत आले. दुसऱ्या पाळीची माणसं शेडमध्ये बूट घालत होती, त्यांना तिथेच थांबवलं. दोन-पाच मिनिटांत तळ दिसेनासा झाला.

साहेब ओरडले, "मोहुर्ले, फळा?"

"साफ आहे, साहेब."

"घाडी, पंप बंद करा. भरू दे."

हात खटक्याकडे नेण्याआधी मी वळून फळ्याकडे पाहिलं. हे मला पक्कं आठवतं. पंपघराच्या दारातून फळा दिसायचा. मी बासष्ट नंबरचा खिळा पाहिला. रिकामा होता. मला बरं वाटलं. ती वर आली, असं मला वाटलं. मी साहेबांना एक शब्द विचारला नाही. भरू द्यायचं का, कशासाठी, हे मला माझ्या बायकोनंच मोरीत बादली ठेवून शिकवलं होतं.

मी चारही पंप बंद केले. मग हात बांधून बसलो.

पाणबुड्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वर आणलं. भिंत उभी राहिली होती. कृपासिंधूतल्या कोणाला ओरखडासुद्धा उठला नव्हता.

ती अकरा नंबरपाशी सापडली नाही. ती दोन मजले वर आली होती. डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. मोडक्या पायानं ती जिन्याला धरून दोन मजले चढली होती. पाणी तिथवर केव्हा पोचलं असेल हे मी कोणाला विचारलं नाही. चार पंप तासाला किती पाणी उपसतात हे मला तोंडपाठ होतं. चाळीस मिनिटांचा हिशोब मला करता आला असता. मी तो केला नाही. नंतर केला.

इस्पितळातून तिला घरी नेण्याआधी मेहुण्यानं मला धुतलेला शर्ट आणून दिला. इस्पितळाच्या नळापाशी मी अंगातला शर्ट काढला. खिशातून दोन बिल्ले फरशीवर पडले.

एकसष्ट आणि बासष्ट.

मी ते काढल्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. त्या दिवशी ती माझ्या मागे नव्हती, तिच्या हातात सामान आहे की नाही हे बघायला मी वळलोही नव्हतो. पण वर पोचल्यावर हात फळ्याकडे गेला आणि रोजच्यासारखे दोन खिळे मोकळे करून आला. म्हणजे पंप बंद करताना मी ज्या रिकाम्या खिळ्याकडे बघून निर्धास्त झालो, तो मीच रिकामा केला होता.

मी बिल्ले उचलून नव्या शर्टाच्या खिशात ठेवले.

सहाव्या दिवशी मला चौकशीला बोलावलं. चौकशी कामाच्या जागेपासून लांब, एका हॉलमध्ये होती. बाहेर बाकावर मोहुर्ले बसले होते. त्यांचं आधीच झालं होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. ते माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलायला लागले.

"मी सांगितलं का मी तवा नळावर गेलो होतो. कोणी कोणता बिल्ला काढला, मी पाह्यलं नाही."

माझा हात खिशावर गेला.

"मी पाह्यलं, घाडी. दोन काढले तुमी. रोजचंच म्हणून बोललो नाही. वहिनी मागं असतीन असं वाटलं. साहेबानं फळा विचारला, मी साफ म्हटलं. माही बी चूक आहे."

"मग खोटं काहून सांगितलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. का ते माहीत नाही.

"तुमच्या घरात पोरगी आहे. बापानं काय केलं ते तिले परक्याच्या कागदातून नको कळाले. तुमी सांगा तिले. अन् आत बी तुमीच सांगा."

तेवढ्यात मला आत बोलावलं.

टेबलामागे तिघं होते. मधल्यांनी माझ्यापुढे सुलभाच्या नोंदवहीची प्रत ठेवली. वही तिच्या जॅकेटमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सापडली होती. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं चार ओळी होत्या. एक पन्नास, दोन, दोन दहा, दोन वीस. समोर आकडे. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. कडेला तिच्या अक्षरात 'सातवी विहीर?' असं लिहिलं होतं.

"घाडी, आम्हाला एकच गोष्ट ठरवायची आहे," मधले म्हणाले. त्यांचा आवाज चांगला होता. "तुमच्या पत्नी काम संपवून वर आल्या आणि मग बिल्ला न लावता पुन्हा खाली गेल्या का? तसं असेल तर त्या परवानगीशिवाय गेल्या आणि ही नोंद कामाची धरता येणार नाही. की त्या वर आल्याच नव्हत्या? तसं असेल तर त्या कामावर होत्या. मग हे आकडे कामाचे. मग पुढचं सगळं बघावं लागेल, विहिरीचंसुद्धा. पण मग प्रश्न असा, की त्यांचा बिल्ला फळ्यावरून काढला कोणी?"

बिल्ला माझ्या खिशात होता. हात घालून टेबलावर ठेवायचा, एवढंच काम होतं.

मला केतकी दिसत होती. ती बारावीत होती. त्या सहा दिवसांत ती माझ्याजवळून हलली नव्हती. झोपतानाही माझ्या शर्टाची बाही धरून झोपायची.

"तिनंच काढला," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत?"

"हो. वर आली, बिल्ला काढला. मी जेवायला गेलो. नंतरचं मला माहीत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं. मी सही केली.

बाहेर मोहुर्ले अजून बसलेले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले. टोपी डोक्यावर घातली आणि जिना उतरून गेले.

महिन्यानं अहवाल आला. त्यात सुलभावर दोन ओळी आहेत. श्रीमती सुलभा घाडी या पाळी संपल्यानंतर परवानगीशिवाय व बिल्ला न लावता खाली गेल्या. पाण्याच्या धोक्याची कोणतीही पूर्वसूचना उपलब्ध नव्हती. मोहुर्ल्यांवर एक ओळ आहे. जागा सोडून गेल्याबद्दल त्यांना कामावरून काढलं. ते बल्लारपूरजवळच्या त्यांच्या गावी परत गेले. कोपऱ्यातली विहीर पाणी उतरल्यावर सापडली. ती भरली आणि काम पुढे गेलं.

स्टेशन सुरू झालं तेव्हा मी एकदा जाऊन आलो. सरकत्या जिन्यानं तळापर्यंत जायला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आम्हाला लोखंडी जिन्यानं अकरा लागायची. खाली भिंतीवर एक मोठा फलक आहे. स्टेशन किती खोल, कसं बांधलं, जमिनीचे थर कसे आहेत, सगळं चित्रं काढून दाखवलंय. लोक उभे राहून वाचतात. त्यात लिहिलंय की या जागी पूर्वी सहा विहिरी होत्या.

अकरा नंबर जिथे होता तिथे आता फरशी आहे आणि लोकांना बसायला बाक आहे. मी त्यावर बसलो नाही.

केतकी नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. ती त्या स्टेशनवरून जात नाही. एक स्टेशन आधी उतरून चालत येते. तिनं अर्ज करून अहवालाची प्रत मिळवली आहे. दर वर्षी आईच्या तिथीला ती कागद पुढे घेऊन बसते आणि तेच बोलते.

"बाबा, आई मला रस्ता ओलांडतानासुद्धा सिग्नल मोडू द्यायची नाही. ती बिल्ला न लावता खाली कशी जाईल?"

"घाईत असेल," मी म्हणतो.

"आई कधी घाईत होती?"

मी उठून चहा ठेवतो.

गेल्या दिवाळीत मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मोहुर्ल्यांचा मुलगा होता. वडील अंथरुणाला खिळलेत, छातीत खाणीची धूळ साठली आहे, फार बोलवत नाही, असं म्हणाला. मग म्हणाला, "बाबा एक गोष्ट विचारून राह्यले. मले काही समजली नाही. ते म्हणतात, घाडींनी पोरीले सांगितलं का, एवढं विचार."

मागून खोकल्याचा आवाज येत होता.

"सांगतो, म्हणावं," मी म्हणालो.

"सांगतो का सांगितलं?"

"सांगतो."

त्याला पाच महिने झाले. केतकी दर रविवारी येते. बासष्ट नंबरचा बिल्ला कपाटात वरच्या कप्प्यात, सुलभाच्या साड्यांखाली आहे. केतकीला मी अजून सांगितलेलं नाही.